घर नावाचा मोह

‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ बघायचा नसतो, एवढंच मला त्या सिनेमाबद्दल कित्येक वर्षं माहीत होतं. वसईच्या कॅथलिक घरात अशा गोष्टी कुणी समजावून सांगत नाही, त्या माहीत असतात. पुढे वाचनात आलं, की 1988 मध्ये पॅरिसच्या साँ-मिशेल चित्रपटगृहाला हा सिनेमा लागलेला असताना आग लावली गेली आणि माणसं होरपळली. ज्या कादंबरीवर तो बेतलाय, ती निकोस काझानझाकिसची कादंबरी व्हॅटिकनने 1954 मध्येच निषिद्ध यादीत टाकली होती. चिलीतल्या बंदीचं प्रकरण तर आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि 2001 मध्ये निकाल सरकारच्या विरोधात लागला.

उपवासकाळात मुलाने तो लॅपटॉपवर लावला. आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. ‘प्रभूचा पिक्चर आहे ना, मग मीपण बघते,’ म्हणाली आणि रोजरी घेऊन बसली. तिला इंग्रजी कळत नाही, म्हणून मुलगा मराठीत सांगत होता आणि सोयीने गाळतही होता.

सुरुवातीलाच येशू सुतारकाम करताना दिसतो, आणि बनवतोय काय, तर क्रूस! रोमनांसाठी, आपल्याच लोकांना टांगायला. विलेम डफोचा हा येशू डोकं धरून जमिनीवर पडतो. आतून हाक मारतोय तो देव की सैतान, हे त्याला उमगत नाही. मी अस्वस्थ झाले, आई झाली नाही. ‘गेथसेमनी बागेत तरी काय निराळं झालं?’ म्हणाली. खरंच होतं. हा प्याला टळू दे, ही येशूची तिथली विनवणी आम्ही दरवर्षी चर्चमध्ये ऐकतो आणि घरी येऊन जेवतो. लूकच्या शुभवर्तमानात तर वाळवंटात येशूला मोहात पाडताना हरलेला सैतान पुढची संधी मिळेपर्यंतच निघून जातो. काझानझाकिसने ती संधी थेट क्रुसावर आणून ठेवली.

तिथे देवदूत म्हणून एक लहान मुलगी येते, खिळे काढते, त्याला खाली उतरवते. मग्दालियाशी लग्न होतं, ती मरते; मग लाझरसच्या बहिणींबरोबर संसार, मुलंबाळं, पिकलेली दाढी. ज्या प्रसंगावरून जगभर मोर्चे निघाले तो आला तेव्हा मुलाचं भाषांतर बंद पडलं आणि आईने दोन मणी घाईने सरकवले. प्रसंग लगेच संपलाही.

मला खटकलं ते वेगळंच. देवदूत बनून आलेला सैतान दाखवतो काय? राज्य नाही, सोनं नाही. घर, बायको, पायाशी खेळणारी पोरं! रोज संध्याकाळी ज्यासाठी मी देवाचे आभार मानते, तेच सैतानाच्या हातात. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीला लहानपणी फादर व्हायचं होतं, पटकथाकार पॉल श्रेडर कडक कॅल्विनवादी घरात वाढला. या पुरुषांना संसार म्हणजे सापळा वाटावा, यात नवल नाही. आपल्याकडेही रामदास बोहल्यावरून पळाले. पण एकनाथ पैठणला घरात राहूनच संत झाले. मोर्चेकऱ्यांपैकी कुणी घराला मोह ठरवण्यावर आक्षेप घेतल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

मुलगा म्हणाला, ‘अगं, घर वाईट आहे असं कुठे म्हणतायत? चांगलं आहे म्हणूनच मोह ना! नकोशी वस्तू सोडण्यात कसला त्याग?’ मला अर्धं पटलं. कारण पुढे त्याचा म्हातारा शिष्य यहूदा येऊन येशूलाच दगाबाज म्हणतो आणि मरणाला टेकलेला येशू जळत्या यरुशलेमेतून सरपटत क्रुसाकडे परत निघतो. बायबलमध्ये हे नाही, पण त्याला परत जावंसं वाटणं मी प्रथमच असं डोळ्यांनी पाहिलं. सोडून आलेल्या घराकडे मात्र कॅमेरा वळत नाही. त्या बायकांचं काय झालं? स्वप्नातल्या असल्या म्हणून काय झालं!

शेवटी पडद्यावर नुसता रंगांचा लखलखाट होतो. कॅमेऱ्यात चुकून उजेड शिरला आणि स्कॉर्सेसीने तो तसाच ठेवला, असं मुलगा कौतुकाने सांगू लागला.

आईने मध्येच विचारलं, ‘आणि पुनरुत्थान?’

‘ते नाही दाखवलं, आजी.’

‘मग अर्धाच केलाय की,’ आई म्हणाली. त्यावर त्या दोघांची जी जुंपली, ती मी पानं वाढेपर्यंत चालू होती.