दोराचा भरवसा

वर्धा जिल्ह्यात झाडावर चढून उपजीविका करणाऱ्या माणसांची परंपरा जुनी आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन आणि नीरेपासून गूळ असे उद्योग आकारास येऊ लागले, तेव्हा त्या नीरेची मडकी उतरवण्यासाठी पहाटेच्या थंडीत शिंदीवर चढणाऱ्या माणसाचा सारा भार त्याची कंबर आणि झाडाचे खोड यांभोवती फिरवलेल्या एका दोरावर असे; परंतु गुळावर पुष्कळ लिहिले गेले, दोरावर कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. शाळेतील नोकरीची मुदत संपल्यानंतर आमच्या गावच्या मधकाढ्या मंडळींच्या दोरांची जबाबदारी माझ्याकडे आली आणि ती मी आजतागायत सांभाळीत आहे, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मी घेत आहे.

आमचे गाव सेलू तालुक्यात, बोर अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. बांधांवरच्या आणि नाल्याकाठच्या अर्जुन, बेहडा, पिंपळ, काटेसावर अशा उंच वृक्षांच्या आडव्या फांद्यांना आग्या मोहोळे लागतात. या माशीचे पोळे एकेरी आणि उघड्यावर टांगलेले, कधी कधी हातभराहून कितीतरी रुंद. त्याच्या फांदीलगतच्या जाड भागात मध साठवलेला असतो आणि खालच्या विस्तीर्ण भागात अंडी, अळ्या, कोश म्हणजे पिलावा असतो. अमावास्येच्या सुमारास काळोख्या रात्री पेटता टेंभा घेऊन चढायचे, ठिणग्यांमागे माशा खाली गेल्या की सबंध पोळे कापून घ्यायचे, ही पूर्वापार वहिवाट. वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या सेंटर ऑफ बी डेव्हलपमेंट या संस्थेने, डॉ. गोपाल पालीवाल यांच्या मार्गदर्शनाखाली, संरक्षक पोशाख घालून दिवसाउजेडी चढण्याची, केवळ मधाचा भाग कापण्याची आणि पिलावा जागच्या जागी ठेवण्याची पद्धत मधकाढ्यांना शिकवली. तीत वसाहत जगते आणि माशा तेच पोळे पुन्हा भरतात. या पद्धतीची वाखाणणी करताना लोक बहुधा पोशाखाचे नाव घेतात. माझी मात्र अनुभवान्ती अशी धारणा झाली आहे की तिचा खरा आधार दोर हा आहे. ज्याचा एक हात फांदीला मिठी घालण्यात गुंतला आहे आणि ज्याचे पाय भयाने कापत आहेत, त्याला मध कोठे संपतो आणि पिलावा कोठे सुरू होतो हे न्याहाळण्यास सवड कोठून मिळणार? तो जे हाती लागेल ते कापून मोकळा होतो. दोराने ज्याला दोन्ही हात आणि पुरेसा अवकाश दिला, तोच माशांची पिले वाचवू शकतो.

आमच्यातील सर्वांत वृद्ध काकाजींची हयात अंबाडीच्या दोरावर गेली. त्या दोराची मी निंदा करणार नाही. त्याची गाठ घट्ट बसते, ठिणगी पडली तर तो वितळत नाही, आणि तुटण्यापूर्वी एकेक पेड आवाज करून सूचना देतो. पण ओल धरली की तो आतल्या आत कुजतो आणि बाहेरून ते सहसा कळत नाही. बाजारात गाडीचा बोजा आवळण्यासाठी मिळणारा चकचकीत प्लॅस्टिकचा पिळाचा दोर तर माणसाच्या भाराला मुळीच लावू नये, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो ठिसूळ होतो आणि घर्षणाच्या उष्णतेने सहज वितळतो. आम्ही निवडला तो आत सलग गाभा आणि वर विणलेले आवरण असलेला, ११ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा दोर. गिर्यारोहकांचा लवचीक दोर पडणाऱ्या माणसाचा हिसका शोषण्यासाठी असतो. पोळ्यासमोर सुरी धरून बसलेल्या माणसाला खालीवर हेलकावे देणारा दोर काय कामाचा? या जातीच्या दोराची ताकद प्रमाणानुसार किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ मानाने सव्वादोन टन भार पेलण्याइतकी, असावी लागते. मात्र गाठ मारली की तीत सुमारे तिसरा हिस्सा घट धरावी, आणि नायलॉन भिजला की आणखी थोडी.

यांत्रिक साधनांपैकी आम्ही मोजकीच ठेवली आहेत: वर सरकते पण खाली सरकत नाही अशी दातेरी पकड, उतरण्यासाठी ब्रेकचे साधन, आणि पेच असलेल्या कड्या. पकडीचे दाते हिसक्याने आवरण फाडू शकतात, म्हणून तिच्यावर ढिला दोर सोडून पडण्याची वेळ येऊ द्यायची नाही. कार्ल प्रुसिक या गिर्यारोहकाने १९३१ साली लोकांपुढे मांडलेली, बारीक दोरीचे वेढे देऊन ताणाखाली आवळणारी गाठ प्रत्येकाला यावी असा माझा आग्रह असतो, कारण लोखंड अडले तर तीच माणसाला खाली आणते. आणि एक नियम निरपवाद आहे: सुरी हातात घेण्यापूर्वी दुसरा स्वतंत्र आधार बांधायचा. सैल दोर कापायला पाते घासावे लागते, ताणलेला दोर मात्र पाते नुसते टेकताच तुटू लागतो, हे मी प्रत्येक नव्या मुलाला टाकाऊ तुकड्याला दगड टांगून प्रत्यक्ष दाखवतो.

गेल्या हंगामातील एक सकाळ सांगतो. काटेसावरीवरून आदल्या दिवशी उतरवलेला दोर अंगणात पसरला होता. मी त्याचा रंग, धागे, आवरण पाहून तो निर्दोष ठरवण्याच्या बेतात होतो. काकाजी खाटेवर बसून, डोळे मिटून, तो चिमटीतून वीत-वीत सरकवीत होते. मध्येच त्यांचा अंगठा थांबला. "डोयाले दिसत नाही जी गुरुजी, बोटाले समजते," असे म्हणून त्यांनी तेथे दोर दुमडला. चांगला दोर दुमडला की गोलसर वाटोळा फासा होतो; येथे तो बिजागरीसारखा चपटा मिटला. आवरण उसवून पाहिले तेव्हा गाभ्याचे काही पेड तुटून त्यांच्या टोकांना बारीक लव आली होती. त्या ठिकाणी आम्ही दोर कापला, दोन्ही तुकडे पुन्हा तपासले आणि आखूड दोर म्हणून स्वतंत्र क्रमांकाने रुजू केले. तेव्हापासून सावरीच्या बेचक्यात दोर थेट टाकायचा नाही, कातडी पट्टा आणि कडी घालूनच तो ओवायचा, असे ठरले.

मधाच्या कामात दोराला एक खास उपद्रव असतो, तो चिकटपणाचा. मध सांडलेल्या दोराला धूळ आणि मुंग्या लागतात, आणि ती धूळ आत शिरून गाभ्याला करवतीसारखी कापते. म्हणून त्याच दिवशी तो गार पाण्यात, सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा. मेण गार होऊन कडक झाले की नखाने खरवडून काढावे, रॉकेल किंवा पेट्रोल मुळीच लावू नये. लोखंडी पकडीच्या दातांत बसलेले मेण ६५ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याने सुटते, पण त्या पाण्यात दोर वा पट्टा जाता कामा नये. धूर करायचा तो जमिनीवरून, कारण टेंभ्याची एक ठिणगी नायलॉनच्या आवरणाला पुरते. दोरांची कोठी माझ्या माजघरात आहे. तेथून मी इन्व्हर्टरची बॅटरी आणि फवारणीचे डबे प्रथम हलवले, कारण बॅटरीच्या आम्लाने नायलॉन डागाविनाही निकामी होऊ शकतो. खरेदीची तारीख, कोणत्या झाडावर वापरला, केव्हा धुतला, कोणी तपासला, असा प्रत्येक दोराचा तपशील दप्तरी असतो, आणि १० वर्षे झाली की दोर कितीही नवा दिसो, तो रद्दबातल.

रद्द झालेला दोर अखंड ठेवायचा नाही, हाही दंडक. विहिरीतील गाळ काढण्यासाठी माणूस उतरवायला असा दोर मागणारे लोक नेहमी येतात आणि नाही म्हणणे जड जाते. म्हणून आम्ही त्याचे दोन-दोन हातांचे तुकडे करून गोठ्यांतील दाव्यांसाठी वाटतो. मधाचा हिशेब करताना दोराचा वाटा आधी बाजूला काढतो, मग माणसांचे वाटे पडतात. प्रारंभी यावर बरीच हुज्जत झाली, कारण घरी तेलमिठाची गरज असलेल्या माणसाला दोरासाठी पैसे सोडायला लावणे सोपे नसते, आणि त्यांची बाजू मला आजही चुकीची वाटत नाही. तरीही मी ती मानली नाही. यंदाच्या वाट्यातून नवा दोर मागवला आहे. तो येईपर्यंत चार नंबरचा जुना दोर फक्त बादल्या वरखाली करण्यासाठी वापरायचा, माणसासाठी नाही, अशी नोंद मी वहीत करून तिच्याखाली सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत.