एका खोलीचं धाडस

बडोद्याच्या नागरवाड्यातल्या आम्हा मराठी मुलांना धाडस म्हटलं की एकच प्रसंग आठवायचा. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. आमचे महाराज तिसरे सयाजीराव दरबारी रिवाज मोडून पंचम जॉर्जपुढे एकदाच वाकले आणि पाठ फिरवून चालू लागले. पुढे त्यांनी व्हाइसरॉयला दिलगिरीचं पत्र लिहिलं, हे वाचल्यावर मला ती माघार वाटली होती. आज वाटत नाही. १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणाऱ्या राजाला ते काम टिकवायचं होतं. त्यासाठी अपमान गिळावा लागला, तर तोही छातीचाच भाग.

पण माझं मत मुळातून हललं ते बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी वाचताना. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकलेले बाबासाहेब १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याला नोकरीसाठी आले. अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. वरचा अंधारा दिवाणखाना, अडगळ, वटवाघळं, एक कंदील. दिवसा कचेरी, रात्री त्या उजेडात वाचन. कुठल्याही क्षणी ओळख उघडी पडेल हे ठाऊक असताना रोज तिथेच परतायचं, यातलं बळ मला दिल्लीतल्या त्या काही पावलांपेक्षा मोठं वाटू लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले आणि त्यांना जागा सोडायला सांगितलं.

महाराजांचं मोठेपण मी कमी करतोय, असं आमच्या गल्लीतली जुनी मंडळी म्हणतात. मला तसं करायचं नाही. राजा परदेशी पाठवू शकतो, पगार देऊ शकतो. शेजाऱ्याचं दार त्याच्या हुकमाने उघडत नाही.

त्या दिवशी बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारावं लागेल असं सांगितलं; तोही नकारच होता. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. आमच्या घरापासून ही बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे.

त्या दोघांना कुणा बादशहासमोर उभं राहायचं नव्हतं. चार दिवस भांडी स्वतः घासायची, घरात थोडी कुरकुर ऐकायची, एवढंच होतं. तेवढं धाडस तेव्हा सबंध बडोद्यात कुणाला झालं नाही, आणि शहराने आपला सर्वांत मोठा माणूस रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊ दिला.