लाघवाची परीक्षा

निवृत्त शिक्षकाची एक खोड सुटत नाहीं. घरांत कोणी कांहीं शिकत असलें, कीं तो तेथें जाऊन बसतो. गेल्या उन्हाळ्यांत आमचा नातू सुटीसाठीं पेणला आला, तो एक संगणक व एक काळजी बरोबर घेऊनच. त्याच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची स्पर्धा होती: चित्र थोडक्या जागेंत सांठवावें, व पुन्हां उलगडतां तें ठरलेल्या मर्यादेपर्यंत मुळाबरहुकूम असावें. ज्याची सांठवण सर्वांत लहान, तो पहिला.

विषय आम्हांस परका वाटला नाहीं. पाणिनीचीं वर्णांचीं सूत्रें चौदाच. पण त्यांच्या आधारें 'अच्' एवढें म्हटलें कीं सर्व स्वर आले. आम्हीं विचारलें, "अरे, तुझें लाघव तें हेंच ना?"

"नाहीं, आजोबा. 'अच्' उलगडला कीं सगळे स्वर परत मिळतात. इथें थोडें कायमचें जातें."

मग त्यानें हिशेब मांडला. ४,००० बिंदू रुंद व ३,००० बिंदू उंच अशा छायाचित्रांत १,२०,००,००० बिंदू. प्रत्येकास तीन बाइट धरले तर ३,६०,००,००० बाइट. १९९२ सालीं मान्य झालेली जेपेग पद्धति अशा चित्राचे आठ-आठ बिंदूंचे चौकोन पाडते, चौकोनांतील चढउतार लहानमोठ्या लहरींत मांडते, आणि डोळ्यांस सहसा न जाणवणाऱ्या बारीक लहरी सोडून देते. लहरींचें हें गणित १९७४ सालीं मूळचे बंगळूरचे नासिर अहमद यांनीं नटराजन व राव यांच्यासह प्रसिद्ध केलें. नातवानें त्याच वाटेनें आपली रचना केली होती, आणि पेणला ती बिनचूक चालत होती.

आम्हीं म्हटलें, "वर्गांत सोडविलेलेंच उदाहरण परीक्षेंत घातलें, तर मुलाला काय येतें तें कळत नाहीं. चित्र नवें घे, आणि यंत्रहि परकें घे."

दुसऱ्या दिवशीं गाडीनें रोह्यास आमच्या धाकट्या भगिनीकडे गेलों. तेथील संगणकावर रचना पहिल्याच पावलास अडली. सामग्रीचा पत्ता नातवानें पेणच्या आपल्या यंत्रावरचाच लिहून ठेवला होता. लागणारे दोन सहायक ग्रंथसंच तर येथें नव्हतेच. "घरीं चालत होतें," असें तो पुटपुटला. हें वाक्य आम्हीं फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलेलें. सायंकाळपर्यंत त्यानें लागणाऱ्या प्रत्येक वस्तूची आवृत्तीसह यादी केली, व त्या यादीवरूनच सारें नव्यानें उभें केलें. रचना चालली.

नवें चित्र म्हणून भगिनीनें भिंतीवरची तसबीर पुढें केली. गौरीपुढें बसलेल्या आमच्या कैलासवासी पत्नीचें तें छायाचित्र. नातवानें त्याचा फोटो घेतला, सांठविला, उलगडला. मूळ व नक्कल यांतील अंतराचा आंकडा मर्यादेच्या आंत होता. भगिनीनें चष्मा लावून पाहिलें.

"दादा, ही कोण रे?"

भिंत व लुगड्याचा मोठा भाग हुबेहूब उतरला होता. डोळे तेवढे पुसट झाले होते. आंकडा साऱ्या बिंदूंच्या चुकांची सरासरी काढतो. भिंतीच्या विस्तारापुढें दोन डोळ्यांचे बिंदू ते किती! नातू खालच्या आवाजांत म्हणाला, "आजोबा, परीक्षक आंकडाच पाहणार." आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्याचें म्हणणें खरें होतें, आणि क्रमांकाची हौस त्याच्या वयास शोभणारीच होती.

रात्रीं उशिरापर्यंत त्याच्या खोलींत दिवा होता. नाजूक रेषांच्या भागास त्यानें अधिक जागा दिली, सांठवण वाढली. सकाळीं भगिनीनें पुन्हां पाहिलें व एवढेंच म्हणाली, "ह्या वहिनी."

स्पर्धेस त्यानें तीच रचना पाठविली. पहिला क्रमांक आला नाहीं. त्यानें तें फोनवर आम्हांस हंसत सांगितलें.

वाचकांच्या घरींहि जुन्या तसबिरी असतीलच. मुलें त्या यंत्रांत उतरवितील. अवश्य उतरवूं द्याव्या. मात्र मूळ तसबीर जपून ठेवावी, आणि नक्कल एकदां घरांतल्या वडील माणसास दाखवावी.