इसकू पिलास्टर नै किये?

कामासाठी दिल्लीत होतो. एक दुपार मोकळी मिळाली म्हणून जंतरमंतर पाहायला गेलो. सवाई जयसिंहाची यंत्रं सोडून नजर सारखी रस्त्यापलीकडच्या करड्या इमारतीकडे जात होती. ते पालिका केंद्र, नवी दिल्ली नगरपालिकेचं मुख्यालय. खाली रुंद, वर निमुळतं, नुसतं उघडं काँक्रीट. वास्तुरचनाकार कुलदीप सिंग, अभियंता महेंद्र राज. 1983 साली पूर्ण झालं. या शैलीला ब्रूटॅलिझम म्हणतात. नाव कच्च्या काँक्रीटच्या फ्रेंच शब्दावरून आलंय, पण पाहणाऱ्याला ते क्रूरच वाटतं.

फोटो अब्बांना पाठवला. लगेच फोन आला, "इसकू पिलास्टर नै किये?"

अब्बा सोलापुरात पस्तीस वर्षं सेंट्रिंग मिस्त्री होते. फळ्या आणि बल्ल्या ठोकून साचा उभा करायचा, काँक्रीट धरलं की तो उतरवायचा. मग त्यावर गिलावा चढतो आणि मिस्त्रीचं काम कुणाला दिसत नाही. आठवीत शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय मी 'कॉन्ट्रॅक्टर' लिहिला होता. अब्बांनी वाचून सही केली. एक शब्द बोलले नाहीत. ते मला अजून टोचतं.

"नाही अब्बा, मुद्दाम उघडं ठेवलंय."

थोडा वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू आला. मग ते बोलायला लागले. फळ्यांत फट राहिली की सिमेंटचं पाणी गळतं आणि खडी उघडी पडते. टेकू ढिला राहिला की भिंतीला पोट येतं. लाकडाची गाठसुद्धा उमटते. गिलावा नसेल तर यातलं काहीच झाकता येत नाही.

मी त्यांना प्रगती मैदानातल्या हॉल ऑफ नेशन्सबद्दल सांगितलं. त्याचेही अभियंते महेंद्र राजच. पोलादाची टंचाई, म्हणून पोलादात करायचा अवाढव्य सांगाडा 1972 मध्ये काँक्रीटमध्ये ओतला. हे परवडलं, कारण आपल्याकडे हात स्वस्त होते. पुस्तकांत हा मुद्दा अर्ध्या ओळीत उरकतात. 2017 मध्ये तो रातोरात पाडला.

"आणि मिस्त्री कोण होता?" अब्बांनी विचारलं.

नाव कुठं लिहिलेलं मला आढळलं नव्हतं. तसं सांगितलं.

"बरं. कोपऱ्याचा फोटो काढ. जवळून. कोपऱ्यात कळतं."

मी रस्ता ओलांडला.