दाराजवळची जागा



२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात आम्ही रोहा-पेण भागातील सात जण लडाखला जाऊन आलो. मी, माझी पत्नी, दोन शिक्षक, सरकारी दवाखान्यातील एक नर्सताई, पोस्टातले एक भाऊ आणि धाटावच्या कारखान्यात काम करणारे एक मित्र. आम्ही कोणी गिर्यारोहक नाही. पतपेढीत दोन वर्षे महिन्याला थोडेथोडे पैसे साठवले आणि निघालो. 'एवढ्या पैशात घराचा पत्रा बदलून झाला असता,' असे वाडीतले लोक म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते. पण आयुष्यात एकदा तरी बुद्धाला मानणाऱ्या लोकांच्या देशात पायी फिरून यावे, अशी फार दिवसांची इच्छा होती.

पनवेलहून रेल्वेने दिल्ली आणि दिल्लीहून विमानाने लेह. घरून निघालो तेव्हा कुंडलिका दुथडी भरून वाहत होती आणि छत्री उघडूनही अंग भिजत होते. लेहला उतरलो तर डोंगर उघडेबोडके, आकाश निळेशार आणि हवा इतकी कोरडी की दुपारपर्यंत ओठ फुटले. हिमालयाच्या रांगा पावसाचे ढग अडवतात, म्हणून तिकडे वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जोराचा पाऊस लागला तर तेवढा एका दिवसात पडून जातो. म्हणूनच त्या भागाला थंड वाळवंट म्हणतात.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंच आहे. आपण समुद्राकाठची माणसे. तिथे आपल्या घरच्या मानाने दोनतृतीयांशच प्राणवायू मिळतो. जिना चढलो तरी धाप लागायची. आमच्या वाटाड्याने पहिल्याच दिवशी बजावले की दोन दिवस नुसते बसायचे, पाणी भरपूर प्यायचे, दारूला स्पर्श करायचा नाही आणि डोके दुखले तर लपवायचे नाही. हा वाटाड्या म्हणजे तिशीतला, कमी बोलणारा तरुण. त्याचे नाव मी इथे देत नाही. आम्ही त्याला 'भाऊ' म्हणायचो, तो आम्हाला 'सर' आणि 'दीदी' म्हणायचा. भाषा हिंदी.

तिसऱ्या दिवशी गाडीने झंस्कार नदीकाठच्या चिलिंग गावी गेलो आणि पुढे मार्खा नदीच्या खोऱ्यात चालायला सुरुवात केली. चिलिंग हे तांब्यापितळेचे काम करणाऱ्या कारागिरांचे गाव. शे येथील मोठी बुद्धमूर्ती घडवायला नेपाळातून आलेल्या कारागिरांचे हे वंशज, असे तिथे सांगतात. ते ऐकून आम्हाला अभिमान वाटला. बुद्धाची मूर्ती घडवणारे हात कारागिराचेच असणार, असे आमचे शिक्षकमित्र म्हणाले.

सामान खेचरांवर आणि आम्ही पायी. मुक्काम गावातल्या घरांत. हे खोरे हेमिस राष्ट्रीय उद्यानात येते. हिमबिबट्याचा हा मुलूख. प्रवाशांना घरी उतरवून गावकऱ्यांना चार पैसे मिळतात, त्यामुळे बकरी मारणाऱ्या बिबट्यावरचा राग कमी होतो, हा त्यामागचा विचार. वाटेत गावच्या बायका तंबूत चहा आणि उकळलेले पाणी विकतात. जेवायला भाजलेल्या सातूचे पीठ, भाजी, भात आणि मीठ-लोणी घातलेला चहा. पहिल्या घोटाला तोंड वाकडे झाले. तिसऱ्या दिवशी मात्र नर्सताईंनी स्वतःहून पेला पुढे केला.

सगळ्यात जास्त बघण्यासारखे तिथले पाणी. पावसावर शेती होत नाही. वरच्या बर्फाचे पाणी पाटाने खाली आणतात आणि त्यावर सातू, वाटाणा पिकवतात. पाणी थोडे आणि शेते अनेक, म्हणून गावात पाण्याच्या पाळ्या ठरतात. त्या सांभाळणाऱ्या माणसाला छुर्पोन म्हणतात. कोणाच्या शेतात कधी पाट फोडायचा ते तो बघतो. नदी ओलांडण्याचाही नियम आहे. सकाळी पाणी कमी असते, दुपारी उन्हाने बर्फ वितळले की वाढते. म्हणून भाऊ आम्हाला पहाटेच उठवायचा.

आपण महाडच्या जिल्ह्यातली माणसे. पाणी म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो. त्या खोऱ्यात पाटाच्या कडेने चालताना मी पत्नीला म्हणालो, "बघ, पाणी वाटून कसे घेतात. बुद्धाचा देश आहे." तीही 'हो' म्हणाली.

मार्खा खोऱ्यातल्या एका गावी धाटावच्या मित्राचे डोके भयंकर दुखू लागले. रात्री दोनदा उलटी झाली. खरे सांगायचे तर याला मी जबाबदार होतो. दुपारीच त्याने मला डोके दुखत असल्याचे सांगितले होते. मी म्हटले होते, "चालेल रे, होते थोडेसे. भाऊला सांगू नकोस, नाहीतर थांबवेल." आमचा कार्यक्रम एक दिवसाने लांबला तर दिल्लीचे तिकीट चुकेल, हा हिशेब माझ्या डोक्यात. कारकुनी बुद्धी! उंचीचा त्रास लपवून वर चढत राहिले तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठून माणूस दगावू शकतो. हे मला लेहमध्ये सांगितले होते, तरीही मी हे केले.

भाऊ रात्रभर मित्राजवळ बसून राहिला. सकाळी म्हणाला, "आज कोणी वर जाणार नाही. संध्याकाळपर्यंत बरे वाटले तर उद्या पुढे, नाहीतर मी ह्यांना खाली घेऊन जाणार." आवाज चढवला नाही, पण त्यावर बोलायला जागाही ठेवली नाही. दुपारपर्यंत मित्राला उतार पडला. संध्याकाळी तो भात जेवला. मी भाऊची माफी मागितली. तो नुसता हसला.

त्या मुक्कामाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरात काही शुभकार्य होते. शेजारपाजारचे लोक जमले. खोलीत भिंतीला लागून गालिचे, त्यांच्यासमोर बुटकी रंगीत मेजे. आत एका टोकाला लामा बसले, मग म्हातारी माणसे, मग आम्ही पाहुणे आणि पुढे वयाप्रमाणे बाकीचे. नगारा आणि सनई वाजवणारे दोघे मात्र एकदम शेवटी, दाराला लागून. त्यातला एक वयाने पाहुण्यांतल्या अनेकांपेक्षा मोठा होता. त्यांच्यापुढचे पेलेही वेगळे दिसले. आणि त्यांच्याच बाजूला आमचा भाऊ.

आमच्या लक्षात आले की भाऊ रोजच दाराजवळ बसत होता. आम्हाला वाटायचे, आम्हाला वाढायला सोपे जावे म्हणून बसतो. चांगला मुलगा आहे, नम्र आहे.

दुसऱ्या दिवशी हांकर गावाकडे चालताना मी त्याला विचारले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, माझे आजोबा लोहार. आमच्याकडे त्यांना गारा म्हणतात. काल नगारा वाजवत होते ते मोन. वाजवणाऱ्यांत बेडा म्हणूनही लोक आहेत. आम्ही सगळे बौद्धच. पण रांगेत जागा शेवटची. मुलगी कोणी देत नाही." मग लगेच म्हणाला, "सगळ्या घरांत असे नाही. लेहमध्ये शिकलेले लोक आता मानत नाहीत. माझ्या मित्रांच्या घरी मी कुठेही बसतो. पण जुन्या घरात गेलो की पाय आपोआप दाराजवळ थांबतात."

१९८९ साली लडाखमधील समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, त्या यादीत बेडा, गारा आणि मोन ही नावे वेगवेगळी आहेत. यादीत वेगळे नाव लागणे आणि रांगेत वेगळी जागा मिळणे, या दोन्हींचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

मला राग आला. मी त्याला उपालीची गोष्ट सांगितली. उपाली शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला आले तेव्हा त्यांनीच भगवंतांना विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा गर्व उतरेल. संघात मान दीक्षेच्या क्रमाने, जातीने नाही. मी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांबद्दल बोललो, १९५६ बद्दल बोललो. आमच्याजवळच्या कुडे लेण्यांबद्दल सांगितले. तिथे माळ्याच्या आणि लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या दानाचे ब्राह्मी लेख दोन हजार वर्षांपासून दगडात कोरलेले आहेत. लोखंडाला हात लावणाऱ्याचे नाव आमच्याकडे लेण्यात आहे आणि तुमच्याकडे त्याला दाराजवळ बसवतात, असे मी म्हणालो. सभेत बोलतो तसाच बोलत होतो.

तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने साधाच प्रश्न विचारला, "म्हणजे सर, तुमच्या लोकांत आता कोणी दाराजवळ बसत नाही?"

'नाही' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात डोळ्यांसमोर आमची मागची पडवी आली. कातकरी वाडीवरची एक बाई आमच्याकडे वर्षानुवर्षे लाकडाची मोळी, चिंबोऱ्या, रानभाजी घेऊन येते. ती पडवीच्या पायरीवर बसते. तिच्यासाठी एक ॲल्युमिनियमचा पेला खिडकीत पालथा घातलेला असतो. चहा प्यायल्यावर ती तो स्वतः विसळून पुन्हा तिथेच ठेवते. माझ्या लहानपणापासून तो पेला तिथे आहे. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, जिथे चवदार तळ्याची हकीकत मी मुलांना दरवर्षी सांगतो, त्या घरात. मी तो पेला हजार वेळा पाहिला होता, आणि तरीही पाहिला नव्हता.

मी भाऊला खरे ते सांगितले. माझी पत्नी मागून चालत होती, तिनेही ऐकले. बराच वेळ कोणी बोलले नाही. वाटेत एक मणि-भिंत लागली. ती उजव्या हाताला ठेवून जायचे असते, तशी ठेवून आम्ही पुढे गेलो.

त्यानंतर निमालिंगचे कुरण, सुमारे ४,८०० मीटर. रात्री पाण्याच्या बाटलीत बर्फ झाला. समोर कांग यात्से शिखर चांदण्यात पांढरे दिसत होते. पहाटे निघून कोंगमारू खिंड चढलो. ती पाच हजार मीटरच्या वर. तिथे प्राणवायू घरच्या मानाने जवळजवळ निम्मा. वीस पावले टाकायची आणि थांबायचे. धाटावचा मित्र सर्वांत पुढे होता. मी सर्वांत मागे, आणि भाऊ माझ्याबरोबर.

वर पोहोचल्यावर आम्ही गोल बसलो. घरून आणलेले गूळ-शेंगदाण्याचे लाडू काढले. भाऊ सवयीने कडेला बसत होता. माझी पत्नी म्हणाली, "भाऊ, इथे कुठे दार आहे? या, मध्ये बसा." तिचे हिंदी मोडकेतोडके, पण त्याला कळले. तो आमच्यामध्ये येऊन बसला. आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले. शब्द पालीतले, त्यामुळे 'बुद्धं शरणं'ला त्यानेही हात जोडले.

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. पेल्याचेही सांगितले. ती चिडली. "मी काय तिला कधी हाकलली? उपाशी पाठवली?" ते खरेच होते. मी पुढे बोललो नाही. तिच्या सासूने घालून दिलेली रीत तिने चालवली होती, आणि मी शिकलेला असून मीही चालवली होती. तिच्यापेक्षा माझा दोष मोठा.

आठ-दहा दिवसांनी ती बाई चिंबोऱ्या घेऊन आली. मी कचेरीला निघालो होतो. आईने चहा केला आणि आमच्या रोजच्या स्टीलच्या कपांतून दोघींसाठी आणला. मी खुर्ची पुढे केली, पण बाई बसेना. "हितंच बरं हाय," म्हणाली. तेव्हा आई कप घेऊन तिच्याशेजारी पायरीवर बसली. दोघी चिंबोऱ्यांच्या भावावर बोलत राहिल्या. खिडकीतला पेला आता तिथे नाही. आई त्यातून तुळशीसाठी नाही, मिरचीच्या रोपासाठी पाणी काढते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. आता त्यात कातकरी वाडीवरची पाच मुले येतात. पहिल्या दिवशी ती दाराजवळ बसली होती. त्यांना पुढे बसवले तर आपल्यातल्या एका पालकाने नाराजी दाखवली. त्यांच्या घरी जाऊन मी दोनदा बोललो आहे. अजून बोलावे लागेल.

लडाखला जरूर जा. आधी डॉक्टरांना विचारा, लेहला दोन दिवस थांबा, वाटाड्याचे ऐका आणि त्रास लपवू नका. पण एवढे पैसे जमले नाहीत तरी हरकत नाही. आज आपल्या घरात, आपल्या विहारात दाराजवळ कोण बसले आहे, तेवढे मात्र बघा.

जयभीम.