पांढरी बोटं

परवा नातू म्हणाला, "आजी, मी पूल खेळायला चाललोय, यायला उशीर होईल."

शहाडमध्ये पूल म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते. रेल्वेवरचा उड्डाणपूल आणि त्यावर अडकलेल्या गाड्या. "अरे, पुलावर कसला खेळ?" असं मी विचारलं आणि घरातले सगळे हसले. मग त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. हिरव्या कापडाचं टेबल, रंगीत चेंडू, हातात लांब काठी आणि टेबलावर खाली लोंबणारा दिवा.

तो दिवा पाहिला आणि मी एकदम साठ वर्षं मागे गेले. अगदी तसाच दिवा होता. फक्त त्याच्याखाली हिरवं टेबल नव्हतं, कॅरम होता.

आमचं लहानपण शहाडच्या चाळीत गेलं. सेंच्युरी रेयॉनचा भोंगा हेच आमचं घड्याळ. वडील तीन पाळ्यांत काम करायचे, त्यामुळे घरात कुणीतरी नेहमी झोपलेलं आणि आम्हा मुलांना नेहमी बाहेर पिटाळलेलं. चाळीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये कॅरम क्लब होता. त्याला नाव नव्हतं, पाटी नव्हती. सगळे नुसतं "क्लबात" म्हणत. आत चार बोर्ड, प्रत्येक बोर्डावर शेड लावलेला एकेक दिवा, बसायला स्टुलं, आणि भिंतीला टेकून आपला नंबर कधी येतो याची वाट पाहणारी माणसं. हरणाऱ्याने बोर्डाचे पैसे द्यायचे, हा पहिला नियम. मुलींनी उंबरठा ओलांडायचा नाही, हा दुसरा. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता.

माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. संध्याकाळी आई मला त्याला बोलवायला पाठवायची. मी उंबरठ्याच्या बाहेर उभी राहून "दादा, आई बोलावते" म्हणायची. तो मान वर न करता हाताने "थांब" अशी खूण करायचा आणि मी थांबायची. खरं सांगायचं तर मला तेच हवं असायचं. थांबून थांबून मी तो खेळ शिकले. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि मधली लाल राणी. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घेऊन कव्हर द्यायचं, नाहीतर राणी परत मधोमध. ज्याच्या सगळ्या सोंगट्या आधी संपतील त्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांचे गुण, आणि राणीचे तीन. दादा म्हणायचा, "राणी कुणीही घेतं गं, कव्हर द्यायला अक्कल लागते." फोडल्यावर हात न सोडता सगळ्या नऊ सोंगट्या आणि राणी त्याने एका दमात घेतल्याचं मी दारातून दोनदा पाहिलंय. तेव्हा क्लबात जी शांतता असायची, तशी शांतता पुढे बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वर्गात मला क्वचितच मिळाली.

क्लबाच्या भिंतीवर वर्तमानपत्रातला एक फोटो डकवलेला होता. विल्सन जोन्सचा. पुण्यात जन्मलेल्या या माणसाने १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा मिळवलं. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. क्लबातल्या एकानेही बिलियर्ड्सचं टेबल डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, कापडाखाली दगडाची पाटी. ते टेबल जिमखान्यात असायचं आणि जिमखान्यात जायला साहेब असावं लागायचं. आमच्या लोकांनी ते अडीच फुटांवर आणलं, काठीच्या जागी बोट घेतलं आणि कापडाच्या जागी बोरिक पावडर. कोन तेच, धक्का तोच, नेम तोच.

वडिलांना क्लबाचा मनापासून तिटकारा होता. दादा घरी येण्याआधी नळावर हात धुवायचा, तरी नखांच्या कडेला पावडर राहायचीच. वडील काही न बोलता त्याचा हात हातात घेऊन दिव्याखाली धरायचे. पांढरी बोटं दिसली की मार ठरलेला. त्यांचं चुकत होतं असंही नाही. चारपैकी तीन बोर्ड खेळाचे होते. चौथा, अगदी आतला, पैशांचा होता. २०१० साली "स्ट्रायकर" नावाचा हिंदी सिनेमा आला होता, मालाडच्या मालवणीतल्या कॅरमच्या जुगारावरचा. तो टीव्हीवर पाहताना मला त्यातलं काहीच नवीन वाटलं नाही.

दादा अकरावी नापास झाला आणि परळच्या एका गिरणीत लागला. रोज लोकलने जाणं-येणं. तिथेही चाळी-चाळींत कॅरम होताच. मी बी.ए., बी.एड. करून शाळेत लागले, लग्न झालं, शहाडमध्येच राहिले. दादाचाही संसार सुरू झाला. क्लबात तो फक्त रविवारी दिसायचा.

मग १८ जानेवारी १९८२ आली. मुंबईतले जवळजवळ अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप शेवटपर्यंत अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरापुरतं सांगायचं तर, सदतीस वर्षांचा धडधाकट माणूस सकाळी उठून डबा न घेता बाहेर पडायचा आणि क्लबात जाऊन बसायचा. आधी पहिल्या बोर्डावर. काही महिन्यांनी आतल्या. वहिनीच्या दोन बांगड्या गेल्या तेव्हा मला कळलं.

पुढच्या वर्षी माझ्या वर्गात, नववीत, एक मुलगा होता. गणितात हुशार, पण आठवड्यातून तीन दिवस गैरहजर. कुणीतरी सांगितलं, "बाई, तो क्लबात असतो." मधल्या सुट्टीत मी तशीच निघाले. उंबरठ्यापाशी पाय सवयीने थांबले. मग आयुष्यात पहिल्यांदा मी तो ओलांडला.

मुलगा दादाच्या शेजारी बसलेला होता. दादाचा हात बोर्डावर, बोटं पांढरी. माझ्या डोळ्यांपुढे त्या बांगड्या आल्या. मी मुलाचा कान धरला आणि दादाला सगळ्यांसमोर म्हणाले, "स्वतःचं वाटोळं केलंस ते पुरलं नाही का? आता लोकांच्या पोरांचंही करतोस?"

कुणी काही बोललं नाही. दादाने स्ट्रायकर खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि उठून निघून गेला. त्यानंतर तो क्लबात कधी गेला नाही. पुढे त्याने भिवंडीत यंत्रमागावर काम केलं, मग एका सोसायटीत वॉचमनचं. दिवाळीला, भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, व्यवस्थित बोलायचा. पण आम्ही त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही. १९९७ साली तो गेला.

त्याच्या तेराव्याला एक गृहस्थ आले. मी ओळखलं नाही. "बाई, मी तुमचा विद्यार्थी," म्हणाले. तोच मुलगा. मग म्हणाले, "बाई, दादांनी मला कधी पैशावर खेळू दिलं नाही. आतल्या बोर्डावर माझ्यावर पैसे लावायला लोक टपलेले असायचे, म्हणून ते मला स्वतःच्या शेजारी बसवून ठेवायचे. शाळेत जा म्हणून रोज शिव्या घालायचे."

मी दादाला निर्दोष ठरवत नाही. बांगड्या गेल्या त्या गेल्याच, आणि वहिनीने पुढे घरोघरी पोळ्या लाटल्या. पण माणूस एकाच वेळी स्वतःचं बुडवत असतो आणि दुसऱ्याचं वाचवत असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इतकी वर्षं शिकवत होते तरी! मी शेडमध्ये शिरले ती कान धरायला. शिरलेच होते तर दोन मिनिटं बसून पाहायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आम्हा शिक्षकांचं क्लबाबद्दलचं धोरण एकच होतं, मुलांना तिथून ओढून आणायचं. शाळेच्या एखाद्या खोलीत एक बोर्ड ठेवावा, पैशाविना, दिवसाउजेडी, मुलींनाही खेळू द्यावं, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. मलाही नाही. ज्या मुलीने दारात उभं राहून अख्खा खेळ शिकून घेतला होता, तिलाही नाही. हा काही टवाळांचाच खेळ नव्हता. १९८८ साली त्याची आंतरराष्ट्रीय संघटना मद्रासमध्येच स्थापन झाली. तिथल्याच मारिया इरुदयमला या खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात चेन्नईच्या एका रिक्षाचालकाच्या मुलीने, सतरा वर्षांच्या काझिमाने, तीन सुवर्णपदकं जिंकली. ती बातमी मी दोनदा वाचली.

आता क्लबाच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आत जायला कुणी अडवत नाही.

असो. नातू रात्री साडेदहाला आला. मी जागीच होते. "जिंकलास का?" विचारलं. म्हणाला, "हरलो, टेबलाचे पैसे मीच भरले." म्हणजे नियम अजून तोच आहे! मी त्याला म्हटलं, "पुढच्या रविवारी मलाही घेऊन चल. मी नुसती बसेन."

तो म्हणाला, "नुसती कशाला बसतेस आजी? खेळ की."