हिरवा कमरपट्टा

वीरकथांचं वेड मला नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने लावलं. त्यामुळे कॉलेजात ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ अभ्यासाला आलं, तेव्हा मी ते त्याच हावरेपणाने उघडलं. सुरुवात तर झकासच. आर्थर राजाकडे नव्या वर्षाची मेजवानी चाललेली. घोड्यासकट हिरवागार असलेला एक दांडगा स्वार आत शिरतो आणि आव्हान देतो : कुऱ्हाडीचा एक घाव मला घाला, वर्षभराने आणखी एका दिवसाने तोच मी परत करीन. गवेन त्याचं मुंडकं उडवतो. स्वार ते उचलून घोड्यावर चढतो आणि हातातलं मुंडकं गवेनला मुदत बजावतं!

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काव्य. कवी अज्ञात. एकुलतं एक हस्तलिखित १७३१ सालच्या लंडनच्या आगीतून वाचलं.

विशीत सगळं लक्ष त्या कुऱ्हाडीकडे. वाटेतला किल्ला, तिथला पाहुणचार भराभर ओलांडायचा. पुढे हेच काव्य वर्गात शिकवताना मात्र माझा मुक्काम त्या किल्ल्यातच पडू लागला. यजमानाची अट साधी आहे : दिवसभरात ज्याला जे मिळेल, ते संध्याकाळी दुसऱ्याला द्यायचं. तो रानात हरणं, मग रानडुक्कर, मग कोल्हा मारतो. इकडे त्याची बायको गवेनच्या पलंगाशी येऊन बसते. कवी आपल्याला शिकारीतून शय्यागृहात आणि पुन्हा शिकारीत नेतो. बाईने दिलेली चुंबनं गवेन रोज इमानाने यजमानाला पोचती करतो. तिसऱ्या दिवशी ती हिरवा कमरपट्टा देते, हा बांधणाऱ्याला कुणी मारू शकत नाही म्हणते. तो तेवढा लपवतो.

ठरल्या दिवशी कुऱ्हाड दोनदा हुलकावणी देते, तिसऱ्यांदा मानेवर नुसती चीर पाडते. ती चीर पट्ट्याची. हिरवा स्वार म्हणजे तो यजमानच, आणि परीक्षा केव्हाच आटोपलेली. बाराव्या शतकातल्या फ्रेंच कवी क्रेतिएँ द त्र्वाचाही हाच खाक्या. त्याचा लान्सलॉट गुन्हेगारांच्या गाडीत चढताना दोन पावलं घुटमळतो; राणी ग्विनिव्हियर त्याचे सगळे पराक्रम बाजूला ठेवून तेवढंच मनात धरते. त्याचाच दुसरा नायक इव्हें बायकोकडून वर्षाची रजा घेऊन निघतो आणि स्पर्धांच्या नादात परतायचा दिवस विसरतो. नायक तलवार उपसून सज्ज असतो, तेव्हा त्याच्याकडून फारसं काही मागितलंच जात नाही.

अँजिओग्राफीच्या आदल्या रात्री आईने माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला. सकाळी नर्स म्हणाली, “हे काढा, काका.” देवधर्म न मानणाऱ्या मी तो काढला आणि गुपचूप उशीच्या अभ्र्यात सरकवला. त्यानंतर वर्गात गवेनला भित्रा म्हणणाऱ्या मुलांशी मी जरा जास्तच वाद घालू लागलो. यजमान तरी कुठे त्याला फार दोष देतो? जिवाची ओढ होती म्हणून लपवलंस, म्हणतो.

गवेन स्वतःला सोडत नाही. पट्टा कलंक म्हणून मिरवत तो घरी येतो. दरबार हसतो आणि त्याच्या प्रेमाखातर सगळे सरदार तसाच पट्टा घालायचं ठरवतात. हसण्यात माया आहे, असं माझे एक सहकारी सांगायचे. असेल. पण वर्षापूर्वी त्या स्वाराने विचारलं, तेव्हा यातल्या एकानेही आपण होऊन कुऱ्हाडीला हात घातला नव्हता.